बॅकस्लॅशपुढचं अक्षर नेमकं कोण वाचतं?

पायथॉन शिकणाऱ्या एका विद्यार्थिनीने मला तिचा प्रोग्रॅम दाखवला. काम साधं होतं, एक फाइल उघडायची. विंडोजच्या सी ड्राइव्हमध्ये न्यू नावाचं फोल्डर आणि त्यात टेबल नावाची फाइल. विंडोजच्या पत्त्यात अशी नावं बॅकस्लॅशने, म्हणजे \ या मागे कललेल्या रेघेने, जोडलेली असतात. तिने फाइलचा पत्ता कॉपी केला, अवतरणचिन्हांत टाकला आणि प्रोग्रॅम चालवला. फाइल काही उघडेना. पत्ता स्क्रीनवर छापून पाहिला तर त्याचे तुकडे झालेले: पहिल्या ओळीत नुसतं ‘सी’ आणि विसर्गासारखी दोन टिंबं, दुसऱ्या ओळीत न्यू या शब्दातली उरलेली ‘ई’ आणि ‘डब्ल्यू’ ही अक्षरं, मग मोठी मोकळी जागा आणि त्यानंतर ‘टी’ गमावलेला टेबल.

“सर, मी तर जसाच्या तसा लिहिलाय,” ती म्हणाली. खरंच तसा लिहिला होता. समोर तिची अभ्यासपुस्तिका उघडी होती आणि त्या पानावर दोन रकान्यांचा तक्ता होता. डावीकडे \एन, उजवीकडे ‘न्यूलाइन’. डावीकडे \टी, उजवीकडे ‘टॅब’. तो तक्ता तिने आदल्या दिवशीच वाचला होता. पण आपण फोल्डरचं नाव लिहितोय, न्यूलाइन लिहीत नाही, असंच तिला वाटत होतं. अवतरणचिन्हांच्या आत बॅकस्लॅश आला की त्यापुढचं अक्षर आपल्या मनात काय आहे ते न विचारता वाचलं जातं, हे त्या तक्त्यात कुठेच नव्हतं. माझ्या मते चूक तिची नव्हती. चूक तक्त्याची होती, आणि असे तक्ते जवळजवळ प्रत्येक भाषेच्या पुस्तिकेत सापडतात.

पुढे जाण्याआधी या लेखातल्या लिहिण्याच्या पद्धतीबद्दल. कोडमधली रोमन अक्षरं आणि आकडे मी इथे देवनागरीतच लिहिले आहेत. \एन म्हणजे बॅकस्लॅश आणि त्याला चिकटून स्मॉल एन, अशा दोन कळा. \एक्स०९ म्हणजे बॅकस्लॅश, स्मॉल एक्स, शून्य, नऊ, अशा चार कळा. अशी सूचना प्रत्येक पुस्तिकेच्या सुरुवातीलाच असायला हवी, कारण एस्केप कोड समजावताना वाचकाचा पहिला प्रश्न तोच असतो: तुम्ही दाखवताय त्यातलं मी नक्की काय टाइप करायचं?

आता एस्केप म्हणजे काय ते पाहू. शाळेतलं श्रुतलेखन आठवा. बाई सांगतात, “आज पाऊस आला पूर्णविराम.” मुलं ‘पूर्णविराम’ हा शब्द लिहीत नाहीत, टिंब देतात. मग वाक्यच असं येतं: “वाक्य संपलं की पूर्णविराम द्यावा.” कुणीतरी ‘की’ नंतर टिंब देऊन मोकळा होतो. म्हणून बाई थांबतात, आवाज बदलतात आणि म्हणतात, “इथे पूर्णविराम हा शब्द लिहायचा बरं का.” तो बदललेला आवाज म्हणजे एस्केप. आता जे येईल त्याचा नेहमीचा अर्थ घेऊ नका, एवढंच तो सांगतो.

प्रोग्रॅममध्ये मजकूर अवतरणचिन्हांत ठेवतात. त्याला स्ट्रिंग म्हणतात. मजकुरातच अवतरणचिन्ह आलं तर कंपायलरला, म्हणजे आपला कोड वाचून यंत्राच्या भाषेत नेणाऱ्या प्रोग्रॅमला, वाटतं, स्ट्रिंग संपली. म्हणून त्याच्याआधी बॅकस्लॅश. इथे बॅकस्लॅश पुढच्या चिन्हाचा खास अर्थ काढून घेतो. \एनमध्ये मात्र तो उलटं काम करतो, साध्या एन या अक्षराला खास अर्थ देतो. एकाच चिन्हाची ही दोन परस्परविरुद्ध कामं आहेत आणि पुस्तिका दोन्ही एकाच तक्त्यात सलग ठेवतात. नवशिक्याला त्यातून कसलाही नियम दिसत नाही, म्हणून तो पाठ करतो. आणि बॅकस्लॅशच हवा असेल तर? तो दोनदा लिहायचा, म्हणजे पहिला दुसऱ्याचा खास अर्थ काढून घेतो.

बॅकस्लॅश हे चिन्ह यासाठी जन्मलं नव्हतं. १९६१ मध्ये अमेरिकेत बॉब बेमर यांनी ते संगणकाच्या अक्षरसंचात आणलं, कारण अल्गोल या भाषेत ‘आणि’ व ‘किंवा’ यांची चिन्हं पुढच्या-मागच्या तिरक्या रेघा जोडून काढता यावीत. पुढे बेल लॅब्जमध्ये केन थॉम्पसन यांच्या बी भाषेत हेच एस्केपचं काम तारांकन करत असे, न्यूलाइनसाठी *एन लिहायचे. त्याच भाषेतून १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला डेनिस रिची यांनी सी घडवली, तेव्हा तारांकनाच्या जागी बॅकस्लॅश आला आणि सीपासून निघालेल्या भाषांनी तो उचलला. म्हणजे \एनमध्ये निसर्गनियम काही नाही, तो एक करार आहे. करार म्हटला की तो कोणाकोणात झाला ते लिहावं लागतं, आणि पुस्तिका नेमकं तेच गाळतात.

एस्केप कोडची नोंद लिहिताना मी तीन गोष्टी वेगवेगळ्या सांगतो: टाइप काय केलं, साठलं काय आणि दिसलं काय. \एन टाइप करताना दोन कळा दाबल्या. स्मृतीत साठलं एकच चिन्ह, क्रमांक १० (संगणकात प्रत्येक चिन्हाला एक क्रमांक असतो). स्क्रीनवर दिसलं काहीच नाही, पुढचा मजकूर खालच्या ओळीत गेला. ‘\एन म्हणजे न्यूलाइन’ या वाक्यात या तीन पातळ्या एका ‘म्हणजे’मध्ये कोंबलेल्या आहेत. वाचक त्या सुट्या करू शकत नाही, म्हणून त्याला वाटतं की स्मृतीतसुद्धा बॅकस्लॅश आणि एन अशी दोन अक्षरं बसली आहेत.

याचा पुरावा पुस्तिकेतच देता येतो. स्ट्रिंगची लांबी छापून दाखवा. नुसत्या \एनची लांबी १ येते. दोन बॅकस्लॅश आणि एन लिहिलं तर २ येते. मी आजवर ज्यांना शिकवलं त्यांच्यावर पानभर स्पष्टीकरणापेक्षा या दोन आकड्यांचा परिणाम जास्त झाला.

‘दिसलं काय’ हा रकाना फालतू नाही. टॅबचंच पाहा. ‘टॅब म्हणजे आठ स्पेस’ असं बिनदिक्कत लिहिलेलं असतं. साठतं एकच चिन्ह, क्रमांक ९. ते पुढच्या ठरलेल्या थांब्यापर्यंत सरकवतं, आणि तो थांबा कुठे हे टर्मिनल किंवा एडिटर ठरवतो. तीन अक्षरांनंतरचा टॅब आणि सात अक्षरांनंतरचा टॅब यांची रुंदी सारखी नसते. न्यूलाइनची गंमत आणखी वेगळी. टाइपरायटरवर ओळ संपली की दोन हालचाली व्हायच्या: कॅरेज सुरुवातीला ढकलायचं आणि कागद एक ओळ वर सरकवायचा. संगणकात त्यांचे दोन स्वतंत्र क्रमांक आले, १३ आणि १०. विंडोज अजून दोन्ही ठेवतं, युनिक्स घराण्यातल्या प्रणाली फक्त १० ठेवतात. त्यामुळे सी किंवा पायथॉनमध्ये एक \एन लिहिला आणि विंडोजवर साध्या मजकुराच्या फाइलमध्ये साठवला, तर फाइलमध्ये दोन बाइट जातात. स्मृतीत एक, फाइलमध्ये दोन. हे न सांगता ‘साठतं’ हा शब्द वापरला तर नोंद अर्धवटच राहते.

आता शीर्षकातला प्रश्न: बॅकस्लॅशपुढचं अक्षर वाचतं कोण?

सी शिकणाऱ्याला विचारा, प्रिंटएफ या मजकूर छापणाऱ्या फंक्शनमधला \एन कोण ओळखतं? बहुतेक जण म्हणतील, प्रिंटएफ. पण प्रिंटएफपर्यंत बॅकस्लॅश पोहोचतच नाही. कंपायलरने तो आधीच क्रमांक १० मध्ये बदललेला असतो. त्याच स्ट्रिंगमधलं टक्केचिन्ह मात्र कंपायलर हात न लावता पुढे पाठवतो आणि ते प्रिंटएफ वाचतं. एका ओळीत शेजारीशेजारी बसलेली दोन चिन्हं, वाचणारे दोन वेगळे. लिनक्सच्या शेलमध्ये, म्हणजे टाइप केलेल्या आज्ञा चालवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, याच नावाची आज्ञा आहे, आणि तिथे \एन खरोखर ती आज्ञाच वाचते. एको या छापण्याच्या आज्ञेचं तर शेलगणिक बदलतं: बॅश हा शेल सहसा \एन तसाच छापतो, डॅश त्याची नवी ओळ करतो. नाव सारखं, चिन्ह सारखं, वाचणारा निराळा. पुस्तिकेत ‘कंपायलर याला वाचतो’ किंवा ‘हे फंक्शन याला वाचतं’ एवढा कर्ता घातला तरी निम्मा गोंधळ मिटेल. ‘याचा अर्थ असा होतो’ या वाक्याला कर्ता नसतो, म्हणून ते वाक्य मला नको वाटतं.

वाचणारे दोन असले की बॅकस्लॅश दुप्पट होतात. जावामध्ये रेग्युलर एक्स्प्रेशनने (मजकुरात नमुना शोधण्याच्या सूत्राने) मजकुरातला एक बॅकस्लॅश शोधायचा तर स्ट्रिंगमध्ये चार लिहावे लागतात. लोक हे मंत्रासारखं पाठ करतात, पण उलगडून दाखवलं की त्यात पाठ करण्यासारखं काही उरत नाही. चार टाइप केले. कंपायलरने दोन-दोनची जोडी लावून दोन साठवले. ते दोन रेग्युलर एक्स्प्रेशनच्या यंत्रणेकडे गेले, तिने पुन्हा जोडी लावली आणि एक शोधला. चार, दोन, एक. ही उतरंड पुस्तिकेत एका ओळीत मावते.

ओळखीचं अक्षर नसेल तर काय होतं, हेही सांगायला हवं. बॅकस्लॅशपुढे स्मॉल डी लिहिला, ज्याला स्ट्रिंगमध्ये काही अर्थ नाही. जावास्क्रिप्ट बॅकस्लॅश गाळून नुसता डी ठेवते. पायथॉन दोन्ही चिन्हं तशीच ठेवते आणि ३.१२ या आवृत्तीपासून स्पष्ट इशारा छापते. गो आणि रस्ट कंपाइल करायलाच नकार देतात. एका भाषेतून दुसरीकडे आलेला माणूस नेमका इथे घसरतो. आमच्या विद्यार्थिनीच्या पत्त्यात न्यूच्या जागी यूझर्स हे फोल्डर असतं, तर पायथॉनने प्रोग्रॅम सुरूच केला नसता, कारण बॅकस्लॅश आणि कॅपिटल यू यांच्यापुढे तिला सोळाच्या पद्धतीतले बरोबर आठ अंक लागतात.

अंकांवरून आठवलं. \०६५ म्हणजे काय? सी आणि पायथॉनमध्ये हा आकडा आठच्या पद्धतीतला. सहा अठ्ठे अठ्ठेचाळीस आणि पाच, त्रेपन्न. त्रेपन्न क्रमांकाचं चिन्ह म्हणजे ५ हा अंक. लुआ भाषेत तोच आकडा साधा दशमान. पासष्ट क्रमांकाचं चिन्ह म्हणजे कॅपिटल ए. आणि \एक्स६५ लिहिलं तर सोळाची पद्धत, क्रमांक एकशे एक, म्हणजे स्मॉल ई. आकडा तोच ६५, आणि हाती तीन वेगळी चिन्हं. म्हणून ‘बॅकस्लॅश आणि तीन अंक’ असं लिहून थांबणारी नोंद अपुरी आहे. कोणत्या पद्धतीतले अंक आणि किती, हे दोन्ही त्याच वाक्यात हवं.

‘किती’ हा भाग तर सगळ्यांत निसरडा, कारण कोड कुठे संपतो ते त्यावर ठरतं. पायथॉन आणि जावास्क्रिप्टमध्ये \एक्सनंतर बरोबर दोन अंक घेतले जातात. सीमध्ये मर्यादाच नाही. सोळाच्या पद्धतीतला अंक दिसत राहील तोवर सी खात राहते, आणि या पद्धतीत ए ते एफ ही अक्षरंही अंकच असतात. समजा \एक्स०९ने टॅब देऊन लगेच पुढे वयासाठीचा इंग्रजी शब्द लिहिला: ए, जी, ई. पायथॉनमध्ये टॅब आणि पूर्ण शब्द मिळतो. सी मात्र शब्दातला ए गिळते, जीपाशी थांबते, आणि टॅबच्या जागी भलताच बाइट साठतो. कंपायलर चकार शब्द काढत नाही, कारण तो बाइट वैध आहे. उपाय असा की स्ट्रिंग तिथेच बंद करायची आणि शब्दासाठी लगेच नवी सुरू करायची. सी अशा शेजारच्या स्ट्रिंग आपणहून जोडते. आठच्या पद्धतीत सीची कमाल मर्यादा तीन अंकांची आहे. म्हणून शून्य क्रमांकाचं चिन्ह लिहून पुढे १२ हा आकडा हवा असेल आणि \०१२ लिहिलं, तर मिळते न्यूलाइन. अशा ठिकाणी पुस्तिकेने उदाहरणात \००० असे तिन्ही अंक भरूनच दाखवावेत. नंतरच्या भाषांनी यातून धडा घेतला. रस्टमध्ये \यूनंतरचा क्रमांक महिरपी कंसातच लिहावा लागतो, जावास्क्रिप्टनेही २०१५ मध्ये ती सोय आणली. कंस बंद झाला की कोड संपला.

मराठीत काम करणाऱ्यांना या सगळ्याची गाठ रोज पडते. पायथॉनमधून ‘मराठी’ हा शब्द जेसन या डेटा साठवायच्या मजकुरी स्वरूपात लिहिला की फाइलमध्ये \यू०९२ई\यू०९३०\यू०९३ई\यू०९२०\यू०९४० अशी रांग दिसते. डेटा बिघडला, फॉन्ट गेला, असं म्हणून लोक घाबरतात. काहीही बिघडलेलं नसतं. म, र, काना, ठ, दीर्घ वेलांटी, अशी पाच चिन्हं आहेत आणि ती फाइल वाचणाऱ्याला तोच ‘मराठी’ परत मिळतो. पायथॉनचं ते फंक्शन इंग्रजीबाहेरची अक्षरं मुळातच एस्केप करून लिहितं, आणि एक पर्याय बंद केला की सरळ देवनागरी लिहितं. टाइप, साठा आणि दर्शन वेगळं करून सांगणाऱ्या दोन ओळी त्या फंक्शनच्या वर्णनात असत्या, तर कितीतरी जणांनी चांगल्या फाइली दुरुस्त करायला घेतल्या नसत्या. जावाच्या प्रॉपर्टीज फाइलींत, म्हणजे प्रोग्रॅमला लागणारे मजकूर ठेवायच्या फाइलींत, तर २०१७ च्या नवव्या आवृत्तीपर्यंत मराठी मजकूर असाच \यूच्या रांगेत ठेवावा लागे. रुपयाचं ₹ हे चिन्ह २०१० मध्ये युनिकोड या जगभरच्या लिप्यांच्या अक्षरसंचात आलं, त्याचा कोड \यू२०बी९.

चार अंकांत न मावणारी चिन्हंही आहेत. हसऱ्या चेहऱ्याचा 😀 क्रमांक १एफ६०० हा पाच अंकी. जेसनला चारच अंक चालतात, म्हणून एस्केप करताना ते एक चिन्ह \यूडी८३डी\यूडीई०० अशा जोडीने लिहावं लागतं. पायथॉनमध्ये त्यासाठी कॅपिटल यू आणि आठ अंक, \यू०००१एफ६००. देवनागरीत लिहिताना स्मॉल यू आणि कॅपिटल यू सारखेच दिसले, हे तुमच्या लक्षात आलं असेल. रोमनमध्येही घाईच्या नजरेला हा फरक सुटतो, म्हणून नोंदीत ‘कॅपिटल यू’ असं शब्दांत लिहावंच.

जावा याबाबत सगळ्यांत आधी वाचते. तिथे \यूचा कोड स्ट्रिंग कुठली, टिप्पणी (माणसांसाठी कोडमध्ये लिहिलेली नोंद) कुठली हे ठरण्यापूर्वीच उलगडला जातो. म्हणून एका ओळीच्या टिप्पणीत \यू०००ए लिहिलं तर टिप्पणी तिथेच संपते आणि उरलेला मजकूर कोड समजला जातो. टिप्पणीत विंडोजचा पत्ता लिहिताना बॅकस्लॅशपुढे स्मॉल यूने सुरू होणारं फोल्डर आलं, तर प्रोग्रॅम कंपाइलच होत नाही. टिप्पणी कंपायलर वाचत नाही, असं सगळ्यांना शिकवलेलं असतं, त्यामुळे माणूस तासभर दुसरीकडेच शोधत बसतो.

इथवर लिहिणाऱ्याने सगळं बरोबर लिहिलं असं धरू. तरीही छापून येताना ते बिघडू शकतं, कारण पुस्तिकेचा मजकूरही कुणीतरी वाचून पानात बदलत असतं. मार्कडाउन या साध्या चिन्हांनी पान सजवायच्या पद्धतीत, साध्या मजकुरात दोन बॅकस्लॅश लिहिले तर पानावर एकच उमटतो. \एन मात्र तसाच राहतो, कारण एनला मार्कडाउनमध्ये एस्केप नाही. परिणाम असा की तक्त्यातल्या अक्षरांच्या नोंदी ठीक दिसतात आणि ‘बॅकस्लॅश हवा असेल तर दोनदा लिहा’ ही नोंद चुकीची छापली जाते. तपासणाऱ्याच्या नजरेतून ती हमखास सुटते. उपाय सोपा आहे: एस्केप कोड नेहमी कोडसाठीच्या चिन्हांतच लिहायचा, तिथे मार्कडाउन बॅकस्लॅशला हात लावत नाही. पायथॉनच्या डॉकस्ट्रिंगमध्ये, म्हणजे कोडमध्येच लिहिलेल्या वर्णनात, \एन समजावायला गेलात तर तिथे खरीखुरी ओळ तुटते, कारण डॉकस्ट्रिंग हीसुद्धा स्ट्रिंगच. म्हणून बॅकस्लॅश असलेल्या डॉकस्ट्रिंगला सुरुवातीला आर लावून ती रॉ करायची (म्हणजे बॅकस्लॅश तसेच राहतात), असा पायथॉनचा अधिकृत संकेतच आहे. वर्ड प्रोसेसर सरळ अवतरणचिन्हं वळणदार करतो आणि ती कॉपी करणाऱ्याचा प्रोग्रॅम पहिल्याच ओळीला अडतो. जपानी संगणकांवर तर जुन्या अक्षरसंचामुळे बॅकस्लॅशच्या जागी कित्येकदा येनचं चिन्ह दिसतं. तिथल्या पुस्तिकांत ¥एन असं छापलेलं सापडतं आणि वाचकांना त्यात काही वावगं वाटत नाही.

त्यामुळे मी मूळ फाइल तपासून थांबत नाही. छापून तयार झालेल्या पानावरून उदाहरण कॉपी करतो, चालवतो आणि लांबी मोजतो.

त्या दिवशी विद्यार्थिनीच्या वहीत आम्ही \एनची नोंद नव्याने लिहिली. ‘अवतरणचिन्हांतल्या मजकुरात बॅकस्लॅश आणि लगेच स्मॉल एन आला, मग तो फोल्डरच्या नावातला का असेना, तर पायथॉन त्या दोन कळांच्या जागी एकच चिन्ह साठवते, क्रमांक १०. छापल्यावर पुढचा मजकूर खालच्या ओळीत जातो. लांबी १. अक्षरशः बॅकस्लॅश आणि एन हवे असतील तर बॅकस्लॅश दोनदा लिहा, लांबी २. फाइलच्या पत्त्यात बॅकस्लॅशऐवजी साधा पुढे कललेला स्लॅशही विंडोजवर चालतो.’

तिने विचारलं, “मग सरळ सगळीकडे आर लावून रॉ स्ट्रिंगच का नाही लिहायची?” लिहून पाहा म्हटलं. तिने फोल्डरचा पत्ता लिहिला आणि शेवटी बॅकस्लॅश देऊन अवतरणचिन्ह बंद केलं. पायथॉनने चूक दाखवली. रॉ स्ट्रिंगमध्येसुद्धा बॅकस्लॅशला लागून आलेलं अवतरणचिन्ह स्ट्रिंग बंद करत नाही, म्हणून शेवटी एकटा बॅकस्लॅश ठेवता येत नाही. तीही ओळ तिने नोंदीखाली लिहून घेतली.